दोन डिस्क, एकच मजकूर : घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये मिरर कसा लावावा

मिरर काय करतो आणि काय करत नाही

मिरर म्हणजे दोन हार्ड डिस्कची अशी जोडी, की कॉम्प्युटर जे लिहितो ते एकाच वेळी दोन्हींवर लिहिले जाते. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी वापरायला जागा ४ टीबीच मिळते. उरलेली डिस्क पहिलीची हुबेहूब प्रत सांभाळते. दोघींपैकी एक बंद पडली की दुसरीवर काम न अडता चालू राहते. तांत्रिक भाषेत या रचनेला ‘रेड १’ म्हणतात. ‘रेड’ हे नाव बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधामुळे रूढ झाले. डिस्क जोडीने चालवण्याची युक्ती मात्र त्याच्याही आधीपासून मोठ्या यंत्रांमध्ये वापरात होती.

मिरर लावला की बॅकअपची गरज उरत नाही, हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. रॅन्समवेअरने फायलींना कुलूप घातले तर ते दोन्हीकडे लागते. विजेचा झटका एसएमपीएसमधून आत आला, कॅबिनेट चोरीला गेले किंवा तळमजल्यावरच्या खोलीत पावसाचे पाणी शिरले, तर दोन्ही प्रती एकाच डब्यात असल्याने त्या एकत्रच जातात. मिरर एकाच संकटातून वाचवतो : दोनपैकी एक डिस्क आपणहून निकामी होणे. त्या वेळी तो काम थांबू देत नाही आणि नवी डिस्क आणायला सवड देतो. कालच्या रात्रीच्या बॅकअपनंतर आज दिवसभर जे काम झाले, तेही त्यामुळे वाचते. पण गेल्या आठवड्यातली फाइल परत हवी असेल तर ती मिररकडे नसते, त्याच्याकडे फक्त आत्ताची अवस्था असते.

कोणाला गरज आहे, कोणाला नाही

लग्नसराईत रोज फोटो आणि व्हिडिओ उतरवून घेणारा स्टुडिओ, टॅलीवर अनेकांचे हिशेब ठेवणारे करसल्लागाराचे घरगुती कार्यालय, पत्रिका आणि पावतीपुस्तके करून देणारा डीटीपीवाला, घरातल्या सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा छोटा सर्व्हर : अशा ठिकाणी दोन दिवस काम बंद राहणे परवडत नाही. तिथे मिररवरचा खर्च वसूल होतो.

मुलांचे फोटो, सात-बाराच्या आणि पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती, जमवलेली गाणी एवढाच ऐवज असेल तर हिशेब बदलतो. या फायली दोन दिवस मिळाल्या नाहीत तर काही बिघडत नाही. त्या कायमच्या गेल्या तर बिघडते. अशा घरात दोनच डिस्क घेण्याइतके पैसे असतील तर मिरर लावूच नये. एक डिस्क कॉम्प्युटरमध्ये ठेवावी, दुसरीवर आठवड्याला बॅकअप घेऊन केबल काढावी आणि ती कपाटात ठेवावी. पहिली डिस्क कामाची, दुसरी बॅकअपची आणि पैसे उरले तर तिसरी मिररची, हा क्रम उलटा करू नये. बॅकअपची आणखी एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर, असली तर उत्तमच.

विंडोज ज्या एसएसडीवर आहे तिचा मिरर करण्याच्या फंदात घरगुती वापरात पडू नये. विंडोज पुन्हा टाकता येते. फार तर त्या एसएसडीची इमेज बॅकअपच्या डिस्कवर काढून ठेवावी. पुढचे सगळे विवेचन डेटाच्या डिस्कपुरते आहे.

डिस्क घेताना

पहिली अडचण दुकानातच उभी राहते. हार्ड डिस्क दोन जातींच्या येतात आणि खोक्यावर जात ठळकपणे लिहिलेली असेलच असे नाही. सीएमआर डिस्कमध्ये मजकुराच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. एसएमआर डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी त्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कौलारू छपरातले मधले एक कौल बदलायचे तर शेजारची कौलेही उचलावी लागतात. तसेच इथे एक पट्टी बदलायला पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. नुसते फोटो साठवून ठेवण्यासाठी ही डिस्क चालून जाते. मिररची फेरजुळणी करताना (म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी बसवलेल्या नव्या डिस्कवर सगळी प्रत उतरवताना) मात्र तिच्यावर तासन्‌तास सलग लिहिले जाते; तेव्हा तिची गती कोसळते आणि काही वेळा मिरर सांभाळणारी प्रणाली तिला नादुरुस्त समजून बाजूला काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) या नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले आणि बरीच ओरड झाली. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ मालिकेतल्या डिस्क सीएमआर असतात, ‘बॅराकुडा’मधल्या बऱ्याच एसएमआर असतात. दुकानदाराच्या शब्दावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा.

दुसरा फरक चिकाटीचा आहे. डेस्कटॉपसाठीच्या साध्या डिस्कला एखादा भाग वाचता आला नाही तर ती मिनिट-मिनिटभर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कारण तिच्या समजुतीने मजकुराची दुसरी प्रत कुठेच नसते. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवर फायली साठवणाऱ्या यंत्रासाठी, बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि ‘दुसऱ्या प्रतीवरून वाचा’ असे सुचवते. लिनक्स एरवी ३० सेकंद वाट पाहतो, त्यामुळे चिकाटी धरणारी डिस्क जोडीतून बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो. नॅसची डिस्क थोडी महाग असते, पण मिररसाठी तीच घ्यावी.

खरेदी करताना इतके पाहा :

- दोन्ही डिस्क सारख्या क्षमतेच्या घ्या. ४ आणि ६ टीबीची जोडी लावली तर मिरर ४ टीबीचाच होतो.
- शक्य असेल तर दोन वेगळ्या दुकानांतून किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घ्या. एकाच घाण्यातून निघालेल्या, एकाच दिवशी सुरू झालेल्या आणि सारखेच काम केलेल्या डिस्क थोड्याशा अंतराने जाण्याची शक्यता जास्त असते.
- यूएसबीच्या बाह्य डिस्कची कवचे फोडून आतली डिस्क वापरण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो मानू नका; वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.
- ‘पुल्ड’, ‘रिफर्बिश्ड’, ‘ओईएम’ हे शब्द दिसले की वॉरंटी कोणाची आणि किती हे लेखी विचारा.

डिस्क घरी आणल्यावर लगेच कामाला लावू नये. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ती किती तास चालली आहे हे दिसते. नव्या डिस्कवर हा आकडा शून्य किंवा जेमतेम एखादा तास असावा. हाही आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे समोर आले. त्यांच्यावरचे तास शून्यावर आणलेले होते, पण कंपनीच्या ‘फार्म’ या आतल्या नोंदीत खरे तास उरले होते. ‘स्मार्टसीटीएल’ या साधनाच्या नव्या आवृत्त्या ही नोंद वाचू शकतात. तास पाहून झाल्यावर डिस्कची पूर्ण पृष्ठभाग-तपासणी करावी. ४ टीबीच्या डिस्कला त्यासाठी ७-८ तास लागतात. रात्री लावून सकाळी पाहावे. दोष असेलच तर तो दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी कळलेला बरा.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

मदरबोर्डचे माहितीपुस्तक आधी काढून बसावे. अनेक बोर्डांवर एम-डॉट-टू खाचेत एसएसडी बसवली की साटाची एक-दोन पोर्ट बंद होतात. डिस्क नवी, केबल नवी आणि तरीही बायोसमध्ये काहीच दिसत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा तेवढेच असते.

विजेच्या जोडणीत काटकसर करू नये. ३.५ इंची डिस्क चालताना ५ ते ८ वॉट घेते, पण फिरायला सुरुवात करताना थोडा वेळ तिला २० ते २५ वॉट लागतात. चांगल्या एसएमपीएसला दोन डिस्क जड नाहीत. साटाची पॉवर केबल थेट एसएमपीएसमधून यावी. चार पिनांच्या जुन्या मोलेक्स जोडणीला लावायचे स्वस्त, एकसंध ओतीव प्लास्टिकचे अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे आहेत. डेटा केबल खटका असलेली घ्यावी, सैल केबलमुळे चांगली डिस्क खराब ठरते.

उष्णतेचा विचार विदर्भात आणि खानदेशात तर हवाच. दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडावा आणि त्यांच्यासमोर पंखा असावा. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, तरी मे महिन्यातही त्या ४५ अंशांच्या आत राहतील अशी सोय करावी.

यूपीएस ही चैन नाही. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर एका डिस्कवर नवे आणि दुसरीवर जुने अशी स्थिती राहू शकते आणि वीज आल्यावर मिररला दोन्ही डिस्क ताडून घ्याव्या लागतात. भारनियमनाच्या गावात हे रोजचे होऊन बसते. घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी त्याचा खटका ‘यूपीएस’ बाजूला आहे ना हे पाहावे; दुसऱ्या बाजूला असेल तर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. प्लगला खरोखरीचे अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

आता एक फुकटचे काम, जे जवळजवळ सगळे जण विसरतात. डिस्क बसवण्यापूर्वी प्रत्येकीचा सिरियल नंबर वहीत लिहावा आणि बसवल्यावर बाहेरून दिसेल अशा कडेला शेवटचे चार अंक चिकटपट्टीवर लिहून लावावेत. पुढे एक डिस्क गेली की प्रणाली सिरियल नंबर सांगते. कॅबिनेटमध्ये मात्र दोन सारख्याच काळ्या-चंदेरी डिस्क दिसतात. चालती डिस्क काढून मेलेली आत ठेवण्याची चूक तिथेच होते.

मिरर कोणी सांभाळावा : तीन मार्ग

*वेगळे रेड कार्ड.* कार्यालयातल्या सर्व्हरसाठी ते ठीक. घरी ते कार्डच बिघडले तर तसेच दुसरे शोधत हिंडावे लागते.

*मदरबोर्डच्या बायोसमधला रेड.* इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही बोर्डांवर ही सोय असते आणि ‘हार्डवेअर रेड’ समजून पुष्कळ जण ती वापरतात. प्रत्यक्षात बहुतेक काम विंडोजमधला ड्रायव्हरच करतो. तिची खरी अडचण नंतर कळते. बायोस अपडेट झाले, किंवा बोर्डावरचा गोल सेल संपून सेटिंग पुसले गेले, की साटाची पद्धत ‘रेड’वरून पुन्हा ‘एएचसीआय’वर जाऊ शकते. मग जोडी सुटून दोन स्वतंत्र डिस्क दिसतात, एकीवर काहीतरी लिहिले जाते आणि कोणती प्रत खरी हा प्रश्न उभा राहतो. बोर्ड जळला तर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर ती जोडी ओळखली जाईलच याची खात्री नसते. शिवाय आधी एएचसीआय पद्धतीत टाकलेले विंडोज, सेटिंग नुसते बदलले तर सुरूच होत नाही. हा मार्ग टाळावा.

*ऑपरेटिंग सिस्टीममधला मिरर.* घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरसाठी हाच मार्ग. बोर्ड बदला, प्रोसेसर बदला. तीच ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क लावल्या की जोडी ओळखली जाते. मिररमुळे प्रोसेसरवर पडणारा भार आजच्या यंत्रांवर जाणवतही नाही. बायोसमध्ये साटाची पद्धत ‘एएचसीआय’च ठेवावी.

विंडोजमध्ये

विंडोज १० आणि ११ मध्ये, होम आवृत्तीतसुद्धा, ‘स्टोरेज स्पेसेस’ ही सोय असते. पायऱ्या थोड्याच आहेत, पण निवडलेल्या डिस्कवरचे सगळे पुसले जाते हे ध्यानात ठेवून त्या कराव्यात.

1. इतर सर्व बाह्य डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कवर टिचकी पडणार नाही.
2. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ उघडा आणि नवा पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा, तयार करण्याचा पर्याय निवडा.
3. दोन्ही डिस्कच्या खुणा करा आणि ‘क्रिएट पूल’ दाबा.
4. पुढच्या पानावर नाव आणि ड्राइव्हचे अक्षर द्या, फाइल सिस्टीम ‘एनटीएफएस’ ठेवा आणि ‘रेझिलियन्सी’च्या यादीतून ‘टू-वे मिरर’ निवडा.
5. आकार विंडोजने सुचवलेलाच ठेवा.

पाचव्या पायरीवर बरेच जण अडतात. विंडोज इथे प्रत्यक्ष जागेपेक्षा मोठा आकारही भरू देते, या हिशेबाने की डिस्क नंतर वाढवल्या जातील. ४ टीबीच्या जोडीवर कोणी ८ टीबी लिहिले तर ड्राइव्हमध्ये भरपूर जागा रिकामी दिसत असतानाच खाली पूल भरतो आणि ड्राइव्ह बंद पडतो. चौथ्या पायरीतही एक खाच आहे : ‘सिंपल’ निवडले गेले तर दोन डिस्कची जागा एकत्र होते, पण प्रत एकच राहते, एक डिस्क गेली की सगळेच जाते.

दुसरा पर्याय ‘डिस्क मॅनेजमेंट’मधल्या ‘मिरर्ड व्हॉल्यूम’चा. तो विंडोज प्रोमध्ये चालतो, होममध्ये नाही. त्यासाठी डिस्क ‘डायनॅमिक’ कराव्या लागतात आणि ही पद्धत मायक्रोसॉफ्टने कालबाह्य ठरवली आहे. डायनॅमिक डिस्कवर मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारे बिटलॉकरही चालत नाही. तिचा एकच मोठा फायदा आहे, तो पुढे येईल.

लिनक्समध्ये

लिनक्सवर ‘एमडीएडीएम’ हे साधन वर्षानुवर्षे हे काम करत आले आहे. प्रत्येक डिस्कवर जीपीटी पद्धतीचे एकच पार्टिशन करावे आणि शेवटी १०० एमबीच्या आसपास जागा रिकामी सोडावी. पुढे बदलून आणलेली डिस्क थोडीशी लहान निघाली तर ती याच फटीमुळे बसते. नंतर दोन्ही पार्टिशनांचा ‘लेव्हल १’चा संच तयार करून त्यावर ‘ईएक्सटी ४’ फाइल सिस्टीम टाकावी. डिस्कची नावे ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी धरू नयेत, ती रीस्टार्टनंतर बदलू शकतात; सिरियल नंबरवरून ठरणारी कायमची नावे वापरावीत. संचाची माहिती एमडीएडीएमच्या सेटिंग फाइलमध्ये नोंदवायची राहिली तर पुढच्या वेळी तो ‘एमडी १२७’ अशा अनोळखी नावाने समोर येतो आणि मजकूर गेला असे वाटून माणूस घाबरतो. तो कुठे गेलेला नसतो.

संचाची प्रकृती ‘एमडीस्टॅट’ या फाइलमध्ये दिसते. दोन डिस्क ठीक असतील तर चौकटी कंसात दोन ‘यू’ दिसतात. एक गेली की एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ येते. डेबियनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रती आपोआप ताडून पाहिल्या जातात.

ताडण्यातून एक अडचण निघते. दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कोणती, हे एमडीएडीएमला कळत नाही, कारण त्याच्याकडे तिसरा साक्षीदार नसतो. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम प्रत्येक तुकड्यासोबत त्याची तपासणी-संख्या लिहून ठेवतात. त्यामुळे बिघडलेली प्रत ओळखून चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते. वर्षानुवर्षे न उघडता पडून राहणाऱ्या फोटोंसाठी हा फरक मोलाचा आहे. सर्व्हर म्हणूनच वेगळा कॉम्प्युटर जुळवायचा असेल आणि त्यात किमान ८ जीबी रॅम असेल, तर झेडएफएसवर चालणारी ‘ट्रूनॅस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी. ब्राउझरमधूनच सगळे करता येते. बीटीआरएफएस वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. जोडीतली एक डिस्क नसेल तर तो ड्राइव्ह नेहमीप्रमाणे जोडला जात नाही, ‘डिग्रेडेड’ हा पर्याय स्वतः द्यावा लागतो. डिस्क मेली तेव्हा ही माहिती पहिल्यांदा कळणे फार त्रासाचे होते.

भरलेली डिस्क आधीपासून असेल तर

‘माझ्याकडे एक डिस्क भरलेली आहे, तिच्याशेजारी नवी लावून मिरर करता येईल का?’ हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे.

- स्टोरेज स्पेसेस : थेट नाही. पूलमध्ये घेतली की डिस्क पुसली जाते. मजकूर आधी दुसरीकडे काढावा लागतो.
- विंडोज प्रोमधला डायनॅमिक मिरर : होय, भरलेल्या व्हॉल्यूमवर ‘अ‍ॅड मिरर’ करता येते. वर म्हटलेला फायदा तो हाच.
- एमडीएडीएम : नव्या एकाच डिस्कचा अर्धा संच करून, त्यात मजकूर उतरवून, मग जुनी डिस्क जोडता येते.

यांपैकी शेवटच्या दोन वाटा बॅकअप नसताना धरू नयेत. एमडीएडीएमच्या वाटेवर जुनी डिस्क जोडीत घेतली जात असतानाच नवीने मान टाकली तर हातात काहीच उरत नाही. आणि जिच्यावर बॅकअप घ्यायचा ती तिसरी डिस्क आणायचीच असेल, तर स्टोरेज स्पेसेसचीही अडचण आपोआप सुटते.

रंगीत तालीम

मिरर तयार झाला की खरा मजकूर त्यात टाकण्यापूर्वी एक प्रयोग करावा. थोड्या बिनमहत्त्वाच्या फायली भराव्यात, कॉम्प्युटर बंद करावा, एका डिस्कची डेटा केबल काढावी आणि पुन्हा सुरू करावा. तीन गोष्टी पाहायच्या : फायली उघडतात का, प्रणाली इशारा देते का आणि ती सांगते तो सिरियल नंबर वहीतल्या नंबराशी जुळतो का. मग बंद करून केबल परत लावावी आणि फेरजुळणी पूर्ण होऊ द्यावी. कॉम्प्युटर चालू असताना केबल ओढून पाहू नये; घरच्या बोर्डांवर त्याची सोय अनेकदा बंद ठेवलेली असते.

इशारा कुठे येतो, हे या तालमीतच कळते. स्टोरेज स्पेसेसची सूचना कोपऱ्यात येते आणि रोजच्या सूचनांत हरवते. एमडीएडीएम ईमेल पाठवू शकतो, पण ती व्यवस्था आपण लावली तरच. एक डिस्क गेल्याचे महिनोन्‌महिने लक्षात न येणे आणि दुसरी गेल्यावर ‘मिरर असूनही सगळे गेले’ असे म्हणणे, हा प्रकार कितीतरी ठिकाणी घडतो. महिन्यातून एकदा, वीजबिल भरण्याच्या दिवशी म्हणा, डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ नोंद उघडावी. क्रमांक ५, १९७ आणि १९८ म्हणजे बदललेले, संशयित आणि न वाचता आलेले भाग. हे आकडे शून्यावरून हलून वाढू लागले की नव्या डिस्कची तजवीज करावी. क्रमांक १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, १०० रुपयांच्या आसपास काम होते. नोंद स्वच्छ असली तरी निर्धास्त राहू नये : गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी प्रमुख स्मार्ट आकड्यांत आधी कोणतीच सूचना दिलेली नव्हती.

एक डिस्क गेली तर

घाईत होणारे नुकसान डिस्क जाण्यापेक्षा मोठे असते. क्रम असा ठेवा :

1. उरलेल्या डिस्कवरून आधी ताजा बॅकअप घ्या. जुना बॅकअप असलेल्या डिस्कवर तो शक्यतो चढवू नका.
2. गेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर प्रणालीत पाहा, वहीशी ताडा.
3. कॉम्प्युटर बंद करून आधी तिची केबल आणि पोर्ट बदलून पाहा. सैल केबल हे कारण वाटते त्याहून जास्त वेळा निघते.
4. डिस्क खरोखर गेली असेल तर नवी, तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची, बसवा.
5. स्टोरेज स्पेसेसमध्ये नवी डिस्क पूलमध्ये घ्या आणि नंतर जुनी यादीतून काढा. एमडीएडीएममध्ये नवे पार्टिशन संचात जोडा.
6. फेरजुळणी संपेपर्यंत यंत्राला दुसरे जड काम देऊ नका.

विंडोज मध्येच ‘डिस्क इनिशियलाइज करायची का’ किंवा ‘फॉरमॅट करायची का’ असे विचारते. कोणत्या डिस्कबद्दल विचारते आहे याची खात्री होईपर्यंत उत्तर ‘नाही’च द्यावे. सरासरी १५० एमबी प्रति सेकंद या वेगाने ४ टीबीच्या फेरजुळणीला साडेसात तास लागतात, ८ टीबीच्या पंधरा. या तासांत उरलेली डिस्क सर्वाधिक राबत असते आणि तीही पहिलीच्याच वयाची असते. पहिली पायरी पहिली का, ते यावरून कळेल. डिस्क अजून चालते आहे पण आकडे बिघडले आहेत, अशा वेळी स्टोरेज स्पेसेसमध्ये ‘प्रिपेअर फॉर रिमूव्हल’ निवडले तर मजकूर हलवूनच ती मोकळी केली जाते.

बिल, वॉरंटी आणि ग्राहकाचे हक्क

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचे बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. बिलाशिवाय मिळणारी सवलत वॉरंटीच्या वेळी अंगाशी येते. पाकीट फोडण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का आणि ती कधी संपते हे पाहावे. परदेशातून आलेल्या किंवा ओईएम मालाला इथे वॉरंटी नसल्याचे तिथेच समजते आणि माल परत करणे सोपे जाते.

वॉरंटी डिस्कची असते, मजकुराची नसते. सेवा केंद्र मेलेली डिस्क ठेवून घेते आणि बदल्यात पुष्कळदा दुरुस्त केलेली डिस्क देते. मेलेली डिस्क पुसता येत नाही, म्हणजे पॅनकार्डापासून गिऱ्हाइकांच्या हिशेबांपर्यंत सगळे तिच्याबरोबर बाहेर जाते. यावर उपाय आधीच करावा लागतो : विंडोज प्रोमध्ये मिररवर बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स. त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून कॉम्प्युटरपासून दूर ठेवावी. ती त्याच मिररवर ठेवणारेही भेटतात.

वापरलेला माल नवा म्हणून दिला किंवा वॉरंटी नाकारली तर आधी विक्रेत्याला लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. पुढची पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता दुसऱ्या शहरातला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहकच मानले जाते, त्यामुळे घरातून डीटीपी करणाऱ्याने ‘तुमचे तर दुकान आहे’ या उत्तराने माघार घेऊ नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

बदलून मिळालेली डिस्क आली की तिचा सिरियल नंबर वहीत नव्याने लिहा, चिकटपट्टी बदला आणि पृष्ठभाग-तपासणी पूर्ण झाल्याशिवाय तिला जोडीत घेऊ नका.